टाळूचं पहिलं माप

नात झाल्याचा फोन आला तेव्हा भागूबाई सोयगावात ओट्यावर बसून वाती वळत होती. फोन गोकुळचा, तिच्या लेकाचा. एरवी वाळूजच्या कंपनीतली सगळी गाऱ्हाणी एका दमात सांगणारा हा गडी त्या दिवशी शब्द शोधत होता.

"आई, पोरगी झाली. सायली बी बरी हाय. पण..."

आणि त्या 'पण'पाशी तो अडकला तो अडकलाच.

"पण काय रं? बोल की! माहा जीव टांगणीला लावू नको."

"पोरीचा वरचा ओठ फाटलेलाय, आई. पार नाकापर्यंत. आन् तोंडात, वर टाळूला बी फट हाय."

भागूबाईच्या हातातली वात खाली पडली. मग तिनं एवढंच विचारलं, "कोन्त्या बाजूनं?"

आता हे काय विचारणं झालं? गोकुळला वाटलं, आईला नीट ऐकू आलं नसेल. "डाव्या बाजूनं," तो म्हणाला.

"येते मी," म्हणून भागूबाईनं फोन ठेवला आणि मिळेल त्या एसटीनं शहर गाठलं.

दवाखान्यात सायली, तिची सून, भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला पक्की खात्री होती की सासूबाई येणार, कपाळावर हात मारणार आणि मग ग्रहणाचं काढणार. पोटुशी बाईनं ग्रहणात काही चिरलं-कापलं की लेकराचा ओठ चिरतो, हे ज्याच्या त्याच्या तोंडात. सायलीच्या सख्ख्या मावशीनं बाळाचं तोंड पाहिल्याबरोबर विचारूनही घेतलं होतं, "विळी धरली होतीस का गं त्या दिवशी?" ती पोर जीव मुठीत धरून पडलेली. भागूबाई आली, हात धुतले, बाळाला उचललं, आणि त्या चिरलेल्या ओठाकडं, बसलेल्या नाकपुडीकडं डोळे भरून बघत म्हणाली, "आलीस का गं बाई? लई वाट बघाया लावलीस."

सायलीनं वळून पाहिलं. तिला वाटलं, सगळ्याच आज्या असं म्हणत असतील.

सगळ्या नाही म्हणत. ही म्हणत होती, आणि त्याला कारण होतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, सांडूशी लग्न होऊन दीड वर्ष झालं असेल-नसेल तेव्हा, भागूबाईला पहिली लेक झाली होती. तिचाही ओठ असाच, डाव्या बाजूनं, नाकापर्यंत. तिला दूध ओढता येत नव्हतं. पाजलेलं नाकातून बाहेर यायचं. अठरा वर्षांची भागूबाई कापसाची वात दुधात भिजवून थेंब थेंब सोडत बसायची. सासू म्हणायची, ग्रहण पाळलं नाहीस, भोग आता. भागूबाईनं ग्रहणभर मांडी मोडली नव्हती, साधं नख कुरतडलं नव्हतं. पण ऐकतं कोण! बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. "असल्या लेकराचं कसलं बारसं," म्हणून सासूनं पाळणा माळ्यावरून खाली काढूच दिला नाही. एकोणिसाव्या दिवशी पोर गेली. सांडूनं फडक्यात गुंडाळून शेताकडं नेली. कुठं पुरली ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही, आणि बाईमाणसानं विचारायचं नसतं म्हणून हिनं विचारलं नाही.

पुढं तनुजा झाली, बऱ्याच वर्षांनी गोकुळ झाला. पहिलीचं नाव घरात कुणी काढलं नाही. काढणार कसं, नावच ठेवलेलं नव्हतं. फोटो नाही, कुंची नाही, काही काही नाही. नुसता एक चेहरा होता भागूबाईच्या डोक्यात, आणि तोही पुसट होत चाललेला. आठवायला बसली तर ओठ आठवायचा, डोळे काही केल्या आठवायचे नाहीत. आपल्याच लेकराचे डोळे विसरली मी, असं म्हणून ती कितीदा तरी चुलीपुढं एकटीच रडली होती.

आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी तो चेहरा जशाच्या तसा तिच्या मांडीवर!

बारशाचा विषय निघाला तेव्हा गोकुळ म्हणाला, "बारसं नंतर करू, आई. ऑपरेशन होऊन टाके निघाले की. चारचौघांनी हे तोंड कामून बघायचं?"

"तोंडाला काय झालंय तिच्या?" भागूबाई ताडकन उठली. "बाराव्यालाच करायचं! सांगून ठिवते!"

गोकुळ बघतच राहिला. एवढा आवाज आईनं कधी चढवला नव्हता. पण सायलीही मान खाली घालून "नंतरच करू या, आई" म्हणाली, तेव्हा मात्र भागूबाईचं तोंड बंद झालं. कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. मग नाव पडेपर्यंत पोरीला ठकी म्हणायचं ठरलं.

दवाखान्यानं त्यांना शहरातल्या दाताच्या कॉलेजात धाडलं. दात नसलेल्या लेकराला दाताच्या कॉलेजात! भागूबाईला हसूच आलं. तिथं हिमानी नावाची तरुण, चष्मेवाली डॉक्टरीण होती. बोलायला गोड, पण कामाला भलतीच कडक. तिनं सगळं समजावून सांगितलं. ओठाचं ऑपरेशन तीन-चार महिन्यांनी, पोरीचं वजन पाच किलोच्या वर गेलं की. पण आज फट आहे अकरा मिलिमीटर. एवढं अंतर ओढून शिवलं तर टाक्यांवर ताण येतो आणि नाक बसकंच राहतं. म्हणून आधी अंतर कमी करायचं. टाळूच्या मापाची एक चिमुकली प्लेट तोंडात बसवायची, बाहेरून गालांना टेप आणि रबरं लावून धरून ठेवायची. दर मंगळवारी यायचं. प्लेट इथं घासायची, तिथं जराशी भर घालायची, आणि दोन्ही कडा हळूहळू जवळ आणायच्या. लेकरू नवं असतं तोवरच हे जमतं, हाडं मऊ असतात.

"म्हंजे न्हाऊ घालताना आमी नाक चिमटीत धरून वर काढतो, डोस्कं चोळून गोल करतो, तसंच की," भागूबाई म्हणाली.

हिमानी हसली. "तसंच, आजी. फक्त मोजून-मापून. आणि एक अट आहे. प्लेट चोवीस तास तोंडात पाहिजे. दूध पिताना, झोपताना, कायम. दिवसातून एकदा धुण्यापुरती काढायची आणि लगेच बसवायची. हे पाळलं तरच उपयोग."

माप घ्यायचा दिवस सगळ्यांच्या जिवावर आला. हिमानीनं पोरीला पालथी धरायला लावलं, मळलेला मऊ लगदा इवल्याशा साच्यात घेऊन तिच्या तोंडात दाबला, आणि पोरीनं टाहो फोडला. सायलीनं डोळे गच्च मिटून घेतले.

"रडू द्या, रडू द्या," हिमानी म्हणत होती. "रडतेय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प झाली तर मला भीती."

भागूबाई त्या रडण्याला जीव लावून कान देत उभी राहिली. तिची ती अठराव्या दिवशीच गप्प झाली होती.

मग त्या लगद्याच्या ठशात पांढरं प्लास्टर ओतलं. तासाभरानं ते सुटं होऊन आलं तेव्हा भागूबाईनं ते हातात मागून घेतलं. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढीशी टाळू, कडेनं हिरडीची वळी, आणि डावीकडं आरपार गेलेली फट. तिनं त्या फटीवरून करंगळी फिरवली.

"हे आमाला भेटल का, डाक्टरीणबाई?"

"नाही हो आजी. ह्याच्यावरच प्लेट बनवायची, आणि पुढं ताडून बघायलाही लागतं." हिमानीनं त्यावर पेन्सिलीनं तारीख घातली, 'बेबी ऑफ सायली' असं लिहिलं आणि ते फळीवर ठेवून दिलं.

प्लेट लागली. गुलाबी प्लेटला पुढं बटणाएवढा दांडा, दांड्याला दोन्हीकडं रबरं, गालांवर टेपा, ओठावरून आडवी एक टेप. पोरीचं निम्मं तोंड झाकून गेलं. सायली मात्र आठवड्याभरात त्या कामात तरबेज झाली. रात्री तीन-तीनदा उठून स्वतःचं दूध काढायचं, खास बाटलीनं नाहीतर भागूबाईनं गावाहून आणलेल्या चांदीच्या बोंडल्यानं पाजायचं, टेपेखालचं कातडं लाल झालं की तेल लावून हलकेच सोडवायचं. पहिल्या मंगळवारी फट साडेनऊवर आली. दुसऱ्याला आठ. तिसऱ्याला सात! त्या दिवशी गोकुळनं येताना छावणीच्या बाजारातून गरम जिलेबी आणली आणि पोरीला हातावर घेऊन घरभर नाचला.

भागूबाईनं जिलेबीचा तुकडा तोंडात घातला, तो तिथंच फिरत राहिला. चार मिलिमीटर गेले, सात उरले. म्हणजे हे तोंड बुजत चाललंय. ते बुजायलाच पाहिजे, तिला काय कळत नव्हतं? नातीचं भलं व्हावं म्हणून तिनं देव पाण्यात ठेवले होते. पण पंचेचाळीस वर्षांनी जी परत आली होती ती आता दर मंगळवारी थोडी थोडी निघून चालली होती, आणि घरात जिलेबी वाटत होते.

दुपारी एक ते चार सायली झोपायची. रात्रीच्या जागरणानं तिला दुसरा इलाज नव्हता. तेवढा वेळ ठकी भागूबाईच्या हवाली. दुसऱ्या दिवशी दुपारी भागूबाईनं दार लोटलं, बोटाला तेल लावलं, टेप अलगद सोडवली, प्लेट काढून वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि ठकीचं मोकळं तोंड बघत बसली. पाचच मिनिटं. धुवायला काढतात की नाही, तसंच, असं तिनं स्वतःला समजावलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास. मग चटकच लागली म्हणायची.

ठकी नुकतीच हसायला लागली होती. तिचा तो ओठ दोन्हीकडं फाकायचा, नाकपुडी पसरायची, आणि कुणाचंच नसतं एवढं मोठं, तोंडभर हसू यायचं. भागूबाईची पहिली हसायच्या वयाला पोचलीच नव्हती. "हास गं, हास," ती पुटपुटायची, "तवा ऱ्हायलं तुहं हसायचं." आपण कुणाशी बोलतोय ते तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. एक दिवस ठकीनं मान वळवून टक लावून तिच्याकडं पाहिलं, आणि भागूबाईला एकदम तिच्या लेकीचे डोळे आठवले! काळेभोर, कोपऱ्यात किंचित खाली उतरलेले. इतकी वर्षं हरवलेले ते डोळे सापडल्यावर कसली अट अन् कसले चोवीस तास. एकला काढलेली प्लेट ती चारला बसवू लागली. नवी टेप, नवं रबर, होतं तसं. हात एवढा हलका की सायलीला कधी शंका आली नाही. फक्त टेपेचं पाकीट भराभर संपायला लागलं.

चौथ्या मंगळवारी हिमानी म्हणाली, "सातच आहे. ठीक, एखादा आठवडा थांबतं."

पाचव्या मंगळवारी तिनं दोनदा माप घेतलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा घेतलं. "साडेसात. वाढलंय." मग तिनं ठकीच्या तोंडात बोट फिरवलं. "प्लेट नीट बसत नाहीये, हिरडीला फोडही आलाय. सायली, चोवीस तास असते ना ही?"

"हो डॉक्टर. देवाशप्पथ."

"मग काही कळत नाही. हे रोज कितीतरी वेळ बाहेर राहिल्यासारखं दिसतंय. असंच चाललं तर ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल. आणि नाकाची कूर्चा, म्हणजे आतलं मऊ हाड, एकदा घट्ट झाली की मला हवं तसं ते उचलता येणार नाही. तो मऊपणा थोडेच दिवस असतो, बघा."

घरी आल्यावर चप्पल काढायचंही भान सायलीला राहिलं नाही, तशीच भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"माझंच चुकतंय, आई. रात्री टेप सुटत असेल आणि मला मेलीला जाग येत नसेल."

"आगं, आसं नको म्हनू."

"मग दुसरं काय असणार?" तिनं पदरानं नाक पुसलं आणि आवाज एकदम खाली आणला. "तुम्ही कधी विचारलं नाहीत, पण मीच सांगते. ग्रहणाच्या दिवशी मी लिंबू कापलं होतं. एकच. उलट्या होत होत्या म्हणून, सरबताला. डॉक्टर म्हणतात त्याचा काही संबंध नाही. पण आता हेही माझ्याच हातून व्हावं? माझा हातच वाईट आहे का हो?"

भागूबाई तिच्या शेजारी येऊन बसली. नेमकं हेच, अगदी ह्याच आवाजात, अठरा वर्षांच्या एका पोरीनं आपल्या रिकाम्या मांडीकडं बघत स्वतःला विचारलं होतं. ती तर काही न करता तसं विचारत होती, आणि तरी तो डाग तिनं आजवर वागवला होता. आता गप्प बसलं तर खपून जाणार होतं. रात्री टेप सुटते, असं ठरलं असतं आणि ही पोरही मरेपर्यंत आपल्या हाताकडं संशयानं बघत राहिली असती.

"तुहा हात सोन्याचा हाय, पोरी," ती म्हणाली. "वाईट हात माहा. दुपारची पलेट मी काढते."

सायलीला आधी कळलंच नाही. "धुवायला?"

"नाय. नुसती बघाया. तू झोपली का काढते, चारला बशिवते. पंधरा दिस झाले."

"काय बघायला?"

मग भागूबाईनं सगळं सांगितलं. वात सांगितली, एकोणीस दिवस सांगितले, माळ्यावर राहिलेला पाळणा सांगितला. जन्मात पहिल्यांदा ती हे मोठ्यानं बोलत होती, त्यामुळं कुठून धरावं कळेना, मागचं पुढं अन् पुढचं मागं झालं. सायली ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"तुमची गेली," शेवटी ती म्हणाली, "म्हणून माझीचं वाटोळं करणार होतात?"

तिनं ठकीला उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. बोलणं कडू होतं, पण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, हे भागूबाईला कबूल होतं. गोकुळ ड्यूटीवरून आला, त्याला सायलीनं सांगितलं. तो आईवर ओरडला नाही. नुसता तिच्यासमोर येऊन बसला आणि कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिला. आपल्याला आणखी एक बहीण होती हे त्या गड्याला तेहतिसाव्या वर्षी कळत होतं.

दोन दिवस सायली दुपारची झोपली नाही. तिसऱ्या दिवशी भागूबाईनं पिशवी भरली. एकच्या सुमाराला सायली बाहेर आली, कडेवर ठकी, गालांवर ताज्या टेपा.

"पिशवी कशाला?"

"जाते गावाला. माहा आता भरवसा ऱ्हायला नाय इथं."

सायलीनं ठकीला तिच्या मांडीवर ठेवलं. "मला झोप आलीय. प्लेट काढायची नाही."

"नाय काढत."

ती दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. "आई, कशी होती हो ती?"

सासूनं विचारलं नव्हतं, नवऱ्यानं विचारलं नव्हतं, आईनंसुद्धा विचारलं नव्हतं. भागूबाई सांगायला गेली आणि तिला रडूच कोसळलं. सायली परत येऊन शेजारी टेकली. केस किती होते, रंग कुणाचा, रडायची कशी, सगळं तिनं एकेक करून विचारलं. त्या दुपारीही सायलीची झोप झाली नाहीच.

"आणि नाव? मनात काहीतरी धरलं असेल ना तुम्ही?"

"धरलं व्हतं."

"काय?"

भागूबाईनं मान हलवली. "नाव मोठ्यानं घ्याया पाळना लागतो, पोरी."

पुढं मग प्लेट हलली नाही. भागूबाई तीन-तीन तास ठकीला मांडीवर घेऊन बसायची आणि आपले हात पदराखाली ठेवायची. सहा झाले, पाच झाले. मग प्लेटला वरून एक वाकडी तार आली, टोकाला मऊ बोंड, ती नाकपुडीत आतून टेकायची आणि बसकं नाक उचलायची. चार, तीन. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डात प्लेट शेवटची काढायची होती, तेव्हा सायलीनं भागूबाईला जवळ बोलावलं. "बघून घ्या, आई." भागूबाईनं पाहिलं. दोन्ही कडा एकमेकींना भिडत आल्या होत्या, नाकपुडी वर उचलली होती. तिला हवं होतं ते तोंड तिथं नव्हतंच. ते कधीच निघून गेलं होतं. तिनं ठकीचा मुका घेतला आणि परिचारिकेच्या हातात तिला दिलं.

ऑपरेशन उत्तम झालं. ओठावर एक बारीक लाल रेघ उरली, ती पुढं फिकी होईल म्हणाले. टाळूचं ऑपरेशन वर्षाची झाल्यावर. टाके निघाल्यानंतर ठकी पहिल्यांदा हसली तेव्हा हसू बरोबर ओठात मावलं. गोकुळनं पन्नास फोटो काढले. सायली मात्र उठून स्वयंपाकघरात आली, कणीक मळत बसलेल्या सासूपाशी.

"आई, कुणाला सांगू नका," ती म्हणाली, "पण मला तिचं जुनं हसू आठवतंय हो. फार आठवतंय."

"आठवनारच," भागूबाई म्हणाली. "ते बी तुहंच लेकरू व्हतं."

आणि मग एका रविवारी, गारखेड्याच्या त्या दोन खोल्यांत, एकदाचं बारसं ठरलं. आत्या म्हणून तनुजा आली. सोसायटीतल्या बायका आल्या, सायलीची मावशी आली. पाळणा फुलांनी सजवला. नाव शिवना ठेवायचं ठरलं होतं. बारशात खऱ्या बाळाच्या आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्यात निजवतात, त्याला नाव ठेवतात, मग बाळाची पाळी. लेकरू दगडासारखं टणक व्हावं म्हणून. सायलीच्या घरात मिक्सर, वरवंटा कुठला! भागूबाईनं तो सोयगावहून पिशवीत घालून आणला होता. सकाळीच धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून ठेवला होता.

ती तो उचलायला वाकली, तर सायली म्हणाली, "वरवंटा राहू द्या, आई."

"आगं, वरवंट्याबिगर कसं? आधी तो निजवावा लागतो."

"आधी ही निजवा." सायलीनं कपाटातून एक गाठोडं काढून तिच्या हातात दिलं. ओंजळीत मावेल एवढं, लाल झबल्यात गुंडाळलेलं, वर शिवलेलं इवलंसं टोपडं. "हिमानी डॉक्टरांकडून मागून आणलं. त्यांनी फोटो आणि मापं ठेवून घेतली आणि म्हणाल्या, हे आजींना द्या."

भागूबाईनं झबल्याची घडी जरा बाजूला केली. आत पांढरी टाळू होती. पहिल्या मापाची, अकरा मिलिमीटरची, डावीकडं आरपार गेलेली फट. खाली पेन्सिलीनं घातलेली तारीख. 'बेबी ऑफ सायली' मात्र कुणीतरी खोडरबरानं पुसून टाकलं होतं. तेवढी जागा कोरी होती.

बायकांत कुजबुज झाली. "काय गं ते?" मावशीनं विचारलं. भागूबाईनं ते गाठोडं पाळण्यात ठेवलं, टोपडं सारखं केलं, आणि रिवाजाप्रमाणं तनुजा कानात नाव सांगायला पुढं झाली.

"तनुताई," सायली म्हणाली, "हे नाव आईंना ठेवू द्या."

तनुजा बाजूला सरली. भागूबाई पाळण्यावर वाकली. त्या पांढऱ्या टाळूला कान नव्हता, म्हणून तिनं त्या फटीपाशीच तोंड नेलं. पंचेचाळीस वर्षं मनातल्या मनात घेतलेलं नाव, ते मोठ्यानं निघेल की नाही ह्याचाच तिला भरवसा नव्हता. पण निघालं, आणि दारात उभ्या असलेल्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं.

"मंजुळा."

नाव सांगणारीच्या पाठीत बायका थापा मारतात, तशी तिच्या पाठीत पहिली थाप पडली, ती सायलीची. मग तनुजाची. मग कोणाकोणाच्या पडल्या ते तिला कळलं नाही. ठकी बापाच्या मांडीवर, आपली पाळी यायची वाट बघत मूठ चोखत होती. भागूबाईनं पाळण्याची दोरी हातात घेतली आणि आपल्या थोरल्या लेकीला पहिला झोका दिला.